गुडघ्याच्या बाह्या

८ जानेवारी, सोमवार

आज लोखंड उचललं. नुसता बार, दोन्ही टोकांना काही नाही, तरी वीस किलो. तो खांद्यावर घेऊन पाच वेळा खाली बसून उठायचं होतं. चौथ्या वेळी बसले ती बसलेच. कोचने मागून धरलं नसतं तर अजून तिथेच असते.

कोच म्हणजे तिशीतली एक मुलगी, खांदे कपाटासारखे. टायरच्या दुकानामागच्या गोदामात तिची जिम आहे. तिने वय विचारलं, मी पंचावन्न सांगितलं. "आणि काकू, कशासाठी आलात?" म्हटलं, "नवरा उचलायला." ती हसली. मग मी हसत नाहीये हे बघून तिने बार काढला.

ऑक्टोबरात ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. बोलतात हळू, पण स्वच्छ. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, दिवसातून सहा वेळा हलवायचं असतं. ते मीच करते. मागच्या मंगळवारी ऐन वेळी माझ्या डाव्या गुडघ्याने दगा दिला आणि आम्ही दोघं जमिनीवर. खाली ज्याचं दुकान आहे तो कुलूपवाला धावत वर आला, त्याने ह्यांना उचललं. मग मुलीला कळलं. तिने तिच्या गावातल्या एका शुश्रूषा केंद्रात खोली धरून ठेवली आहे. फोनवर सरळ म्हणाली, "आई, दहा मार्चला येते. तोपर्यंत तुला बाबांना एकटीने नीट उचलता आलं तर राहू देत. नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार. तू पण पडशील आणि मग दोघांना कोण बघणार?"

फोनचा आवाज मोठा असल्यामुळे ह्यांनी सगळं ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाले, "शहात्तर किलो भरतो मी. दवाखान्याच्या कागदावर आहे." तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

ह्यांच्या फिजिओने रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. शिलाईच्या मापांची जुनी वही अर्धी कोरी होती, तीच घेतली. नोंद थोडी आणि बाकीचंच जास्त होणार असं दिसतंय.

११ जानेवारी, गुरुवार

जिना उतरताना गुडघे करकरतात. कुलूपवाला म्हणाला, "तेल घालून देऊ का?" मेल्याला दुसरा विनोद सुचत नाही. पण माणूस भला आहे. मी सकाळी जिमला जाते तेव्हा दुकान उघडायच्या आधी तासभर वर ह्यांच्यापाशी बसतो. मी दोघांना चहा आणि ह्यांचा नाश्ता ठेवून जाते.

जिममध्ये आज एका बाईच्या गुडघ्यांवर काळ्या जाड नळ्या बघितल्या. कापड चिमटीत धरून बघायचा मोह आवरला नाही. बाहेरून विणलेलं, आत रबर, कडेला सपाट टीप. काम चांगलं होतं. गुडघ्याला बाहीच म्हणायची. ती म्हणाली, "ह्या घातल्यापासून माझे गुडघे दुखले नाहीत." मला अजून काय हवं होतं!

कोचला विचारलं, तर तिचा उत्साह शून्य. "काकू, बाही गुडघा गरम ठेवते, थोडा आधार देते. दुरुस्त करत नाही. अजून तुमचं बसणं बरोबर नाही. गुडघे आत वळतात, टाचा उचलल्या जातात. ते आधी सुधारू." मी म्हटलं बरं. मनात म्हटलं, तुला तीस वर्षांच्या गुडघ्यांवर बोलायला काय जातं. पंचवीस वर्षं मशीनचं पॅडल मारलेले गुडघे आहेत हे.

१६ जानेवारी, मंगळवार

बाह्या मागवल्या. कोचला सांगितलं नाही.

आधी जाडीचा घोळ. पाच मिलिमीटर की सात. पाच नवशिक्यांना, सात भारी वजनं उचलणाऱ्यांना, असं लिहिलं होतं. मला शहात्तर किलो उचलायचे आहेत, ते काय हलकं आहे का? सात घेतली. मग माप. ताठ उभं राहून वाटीच्या मधोमध टेप लावायचा. अडतीस सेंटिमीटर. तक्त्यात अडतीस हे एम आणि एलच्या बरोबर मधे येत होतं. मी जन्मभर जे केलं तेच केलं, अंगमापात दीड इंच सैल धरलं आणि एक्सएल मागवली. माप घेण्यात तरी मला कोणी शिकवायला नको.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आज किती?" म्हटलं, "बार आणि बाजूला अडीच-अडीच. पंचवीस." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. काट्यावर ट्रक आला की अशीच हलवायचे.

२० जानेवारी, शनिवार

फजिती. बाह्या आल्या, सहज चढल्या. मला वाटलं, वा, काय फिटिंग आहे! आरशासमोर उभी राहिले, रुबाबात बार घेतला, खाली बसले. उठले तेव्हा दोन्ही बाह्या घोट्यांवर मोज्यांसारख्या गोळा झालेल्या. जिमभर हशा.

कोचने तक्ता मागितला, माप विचारलं. मी कसं काढलं ते सांगितलं. ती दोन मिनिटं कपाळावर हात धरून उभी होती. "काकू, हा झंपर नाही. हिने घट्टच बसायचं असतं. अंगापेक्षा लहान असते म्हणून तर काम करते. तुम्ही सैल कशाला धरलंत?"

पंचवीस वर्षांत एक गिऱ्हाईक म्हणालं नाही की काखेत काचतं. ते त्या सैल धरण्यामुळेच. पण तिचं बरोबर होतं. मान खाली घालून घरी आले.

ह्यांना सांगितलं तर ह्यांचा डावा गाल हसला. उजवा अजून हसत नाही. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून मी परत सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, घोट्यावरच्या बाह्यांसकट. जेवताना म्हणाले, "मला छोटं ताट दे. डाव्या हाताला मोठं आवरत नाही." दिलं.

२२ जानेवारी, सोमवार

परत पाठवायच्या तर हरले असं कबूल केल्यासारखं होतं. म्हणून मशीनवर घेतल्या. दोन सुया मोडल्या. तिसरी जाड सुई लावून दोन्ही कडांनी दाबून टीप मारली. दिसायला सुरेख झाल्या.

दहा मिनिटांत शिवण गुडघ्यामागे अशी रुतली की पाय लाल. सुईच्या भोकांतून रबर फाटायला लागलं ते वेगळंच. कोचने काढायला लावल्या. हसली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मला आधी विचारलं असतंत तर?" मी म्हटलं, "तू नको म्हणाली असतीस." ती म्हणाली, "हो."

३० जानेवारी, मंगळवार

गेला आठवडा बाहीविना. कोचने एका खोक्यावर बसून उठायला लावलं, टाचेखाली कागद ठेवून. कागद निसटला की परत. कंटाळवाणं काम. पण आज कागद एकदाही निसटला नाही आणि घरी आल्यावर लक्षात आलं की जिना चढताना कठडा धरला नव्हता. योगायोग असेल.

ह्यांच्यासाठी पट्टा शिवला. रुंद, कॅनव्हासचा, दोन्ही बाजूंना हातात धरायला मुठी. कमरेला बांधायचा, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांत धरायचे, तीन झोके, आणि उठायचं, वळायचं, बसवायचं. आज चार वेळा जमलं, दोनदा नाही. दोनदा कुलूपवाल्याला हाक मारावी लागली. प्रत्येक वेळी हे भिंतीकडे बघत होते. दहा मार्चला चाळीस दिवस आहेत.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी कोचच माझ्याबरोबर दुकानात आली. पाच मिलिमीटर, एम. चढवायला आधी पायात पातळ पिशवी घालायची, वरून बाही सरकवायची, मग पिशवी ओढून काढायची. दुकानातल्या बाकावर मी आडवी, ती माझा पाय धरून ओढतेय. दुकानदाराने मागे वळून कपाटच लावायला घेतलं बिचाऱ्याने.

"बोटं बधिर होतात का? नाही ना? काढाव्याशा वाटतात का?" म्हटलं, "आत्ताच्या आत्ता." "मग माप बरोबर आहे. फक्त भारी सेटला घालायच्या, मग लगेच काढायच्या. आणि दुखलं तर बाही घालून दुखणं झाकायचं नाही, मला सांगायचं." मी शपथ घेतल्यासारखं हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ह्या बाह्या म्हणजे चमत्कार आहे! मी आता घरीसुद्धा घालते. आज सहाच्या सहा वेळा ह्यांना एका झोक्यात उचललं. कुलूपवाल्याला हाक नाही, कुणाला नाही.

कोचला सांगितलं. तिने विचारलं, "काकू, तुम्ही इथे चाळीस उचलता. घरी शहात्तर एका झोक्यात?" मी म्हटलं, बाह्या. ती म्हणाली, "बाहीने एवढा फरक पडत नाही." मी म्हटलं, पट्टा आहे, तंत्र आहे. ती म्हणाली, "तरी." हिला माझं कौतुक करायला जड जातं. थोडा राग आला.

शिलाईची कामं साचली आहेत. आज कुलूपवाल्याचे दोन शर्ट कमरेत उसवून सैल करून दिले, बटणं लागेनात. म्हटलं, बसून बसून पोट सुटलंय. तो एकदम लाजला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला चव आहे हो." कुठल्या कुठे विषय नेतो. ह्यांच्या दोन पँटी कमरेत आत घेतल्या. पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू वाळतातच, फिजिओ म्हणाला होता.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पंचेचाळीस! कोचने टाळी दिली. बार निसटू नये म्हणून लावलेल्या खडूने माखलेले हात घेऊनच घरी आले.

हे रोज विचारतात, "आज किती?" आणि मी सांगितलं की काहीतरी हिशोब करत बसतात. माझ्या प्रगतीत त्यांना एवढा रस आहे हे बघून बरं वाटतं. इतक्या वर्षांत मी किती झंपर शिवले हे कधी विचारलं नव्हतं.

जेवणावरून मात्र भांडण. निम्मं ताट ठेवलं. "बसून राहणाऱ्याला किती लागतं?" म्हणाले. मिठाशिवायचं जेवण मला तरी कुठे जातं? म्हणून फार ताणलं नाही. सकाळचं दूध, अंडी, पाव तरी मी जिमहून येईपर्यंत संपलेलं असतं. कपबशी, ताटली लख्ख असते.

२ मार्च, शनिवार

मुलीचा फोन. "आई, खरं सांग, जमतंय?" म्हटलं, "येऊन बघ." एवढ्या तोऱ्यात मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ह्यांच्याविना हे घर म्हणजे नुसतं मशीन आणि मी. ते मला नको आहे. मुलीला हे कसं सांगायचं ते कळत नाही, म्हणून इथे लिहिते.

१० मार्च, रविवार

मुलगी आली. चहासुद्धा न घेता म्हणाली, "दाखव." मी बाह्या चढवल्या, पट्टा बांधला, तीन झोके मोजायचे ते एकच मोजला आणि ह्यांना पलंगावरून खुर्चीत बसवलं. परत पलंगावर. परत खुर्चीत. मुलीचं तोंड उघडंच राहिलं. मला सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं.

पण ती खूश दिसली नाही. ह्यांच्या गालावर हात ठेवून बसली. "बाबा, किती बारीक झालात." हे म्हणाले, "तू चार महिन्यांनी बघतेयस म्हणून वाटतं." ते खरंच आहे. उद्या दवाखान्यात तपासणी आहे, ती बरोबर येणार आहे. खोली सोडते असं अजून म्हणाली नाही.

११ मार्च, सोमवार

हे आज लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

दवाखान्यात नवीन काटा आहे, जमिनीलगतचा, चाकांच्या खुर्चीसकट माणूस वर न्यायचा. नर्सने ह्यांना खुर्चीसकट चढवलं. आकडा आला एकोणऐंशी. ती म्हणाली, "खुर्चीचं वजन किती?" हे लगेच म्हणाले, "दहा किलो." नर्सने लिहायला घेतलं, एकोणसत्तर. म्हणाली, आजारपणात एवढं कमी होतंच.

ती खुर्ची घडी करून मी रोज उचलून बाजूला ठेवते. आणि आठवड्यातून तीन दिवस वीस किलोचा बार हातात घेते. दहा किलो काय आणि अठरा काय, ते आता माझ्या हातांना कळतं. मी म्हटलं, "दहा नाही. विसाला थोडी कमी आहे." हे म्हणाले, "दहाच." मी म्हटलं, "अहो, मी उचलते ना ती!" नर्सने ह्यांना बाकावर बसवून रिकामी खुर्ची काट्यावर ठेवली. अठरा.

म्हणजे एकसष्ट. पंधरा किलो गेले.

ज्या माणसाने तीस वर्षांत एका ट्रकचं रिकामं वजन चुकवलं नाही, ट्रकमालकांनी पाया पडून विनवलं तरी नाही, तो आज स्वतःच्या खुर्चीचं खोटं वजन सांगत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते.

नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली. मी विचारलं, "जेवण कुठे जातं?" मुलीने विचारलं, "बाबा?" मग बोलले. सावकाश, एकेक शब्द. "तू पंचवीस म्हणालीस तेव्हा मी शहात्तर होतो. तू वाढवत होतीस. मी कमी करत होतो. दहा तारखेच्या आत गाठ पडायला हवी होती." सकाळचा नाश्ता कुलूपवाल्याला द्यायचे. त्याला सांगितलं होतं, डॉक्टरांनी मना केलंय, पण हिला वाईट वाटेल, बोलू नकोस.

कुलूपवाल्याचे शर्ट मी सैल केले आणि ह्यांच्या पँटी घट्ट केल्या, एकाच दिवशी, एकाच मशीनवर. दोन्ही मापं ह्याच वहीत आहेत. मी बघितली नाहीत. मी माझे आकडे बघत होते. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतका रागही आला नव्हता. कोणाचा, ते अजून ठरत नाही.

डॉक्टरांनी भरपूर सुनावलं. रक्त कमी झालंय, पण वेळेवर कळलं, म्हणाले. आता मीठ सोडून सगळं खायचं, आणि दर आठवड्याला वजन.

घरी आल्यावर मुलीने फोन हातात घेतला. "आई, मी खोली पक्की करते. तुझी चूक नाही म्हणत मी. पण इथे कोणी त्यांच्या ताटाकडे बघत नाही. आणि बाबा परत शहात्तर झाले तर तू उचलणार कशी? तू एकसष्टच उचलत होतीस. तेसुद्धा बाबांनी फसवलं म्हणून." तिचं प्रत्येक वाक्य खरं होतं, म्हणून सहन होईना.

मी विचारलं, "तुझं वजन किती?" ती म्हणाली, "त्याचं काय आता?" "किती?" "चौऱ्याहत्तर." म्हटलं, "बस ह्या खुर्चीत. अंग सोड. मदत करायची नाही."

ती नाही म्हणत होती. हे पलंगाशेजारी आपल्या खुर्चीत होते, त्यांनी डाव्या हाताने तिला बसायची खूण केली. ती बसली. मी पट्टा तिच्या कमरेला बांधला. बाह्या जिमच्या पिशवीत होत्या, त्या चढवायला पाच मिनिटं लागतात. तशीच उभी राहिले. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांत घेतले, टाचा रोवल्या. तिला शेवटचं उचललं होतं तेव्हा ती सहा वर्षांची होती, ताप होता, दवाखान्यापर्यंत कडेवर नेली होती. एक, दोन, तीन. पहिल्यांदा फक्त वीतभर उठली आणि परत बसली. मी श्वास घेतला, गुडघे बाहेर ढकलले आणि परत तीन मोजले. उठली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण उठली. वळवली आणि पलंगावर बसवली. आपटली नाही.

तिने माझ्या गळ्यातले हात काढले नाहीत. पस्तिशीची बाई, हमसून हमसून रडत होती. मीही रडले. मग तिने नाक पुसलं, फोन उचलला आणि केंद्रात सांगितलं की खोली दुसऱ्या कोणाला द्या. मला म्हणाली, "दर शनिवारी मला वजनाचा फोटो पाहिजे. काटा दिसला पाहिजे." म्हटलं, पाठवीन.

ह्यांनी तिला विचारलं, "नक्की चौऱ्याहत्तर?" ती म्हणाली, "पंच्याहत्तरसुद्धा असेल, बाबा." ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते.

आठ वाजता जेवायला बसलो. मी अजून त्यांच्याशी बोलत नाहीये. मोठं ताट काढलं, पूर्वीसारखं भरून वाढलं आणि समोर बसून राहिले. त्यांना एक तास लागला. मधे दोनदा थांबले, माझ्याकडे बघितलं, परत घास घेतला. ताट संपलं तेव्हा म्हणाले, "थोडं अजून आहे?" मी उठून आणलं.